शेपमधला पहिला एस

(सातारा जिल्ह्यातल्या एका माजी सैनिक मेळाव्यात बोललो ते. रेकॉर्डिंगवरून टाईप केलंय, थोडं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

राम राम मंडळी. मी काय वक्ता नाही, आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून रिटायर झालेला हवालदार आहे. आयोजकांनी मला ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचाराच्या योजनेच्या, कार्डावर बोलायला बोलावलं होतं. ते मी शेवटी दोन मिनिटात सांगतो, पण आधी एक वेगळंच बोलायचंय, आणि समोर वहिनी लोक पण बसलेत म्हणून मुद्दाम बोलायचंय.

इथं बसलेल्या प्रत्येकाला शेप-वन म्हणजे काय ते माहितीये, फौजेच्या मेडिकलमधली पूर्ण फिट कॅटेगरी. एस वन, एच वन, ए वन, पी वन, ई वन. एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकूण शरीर, ई म्हणजे डोळे. आणि पहिला एस कशाचा? सायकॉलॉजिकल. म्हणजे मन. फौजेनं स्वतःच माणसाची यादी करताना मन पहिल्या नंबरावर लिहिलंय, आणि सबंध सर्व्हिसमध्ये आपण सगळ्यात जास्त लपवतो काय तर तो पहिला एस. गुडघा गेला तर माणूस सांगतो, कान गेला तर सांगतो, आर्टिलरीवाले तर हसत सांगतात. पण झोप लागत नाही हे कोण सांगत नाही. कारण आकडा वाढून एस टू, एस थ्री झालं की लो मेडिकल कॅटेगरी, मग प्रमोशन अडकतं, कोर्स अडकतो, आणि लंगरमध्ये ताट घेऊन बसलं की बाकीचे एकमेकांकडे बघतात.

मी तीन वर्षं सायकियाट्री वॉर्डात ड्युटी केलीये. तिथं येणारा जवान पहिला प्रश्न विचारायचा तो आजाराचा नसायचा, "उस्ताद, कॅटेगरी डाऊन होगी क्या?" असा असायचा. म्हणजे बघा, माणूस रात्री ओरडत उठतोय, आणि त्याची काळजी काय तर कागदावर काय लिहिणार. मी त्याला दोष देत नाही, घरी हप्ता असतो, बहिणीचं लग्न असतं.

आता हीच सवय घेऊन माणूस रिटायर होतो. रिलीज मेडिकल बोर्डला, म्हणजे फौजेतून सुटतानाच्या तपासणीला, डॉक्टर विचारतो, कोई तकलीफ? माणूस म्हणतो, नो सर. कारण हो म्हणलं तर अजून तपासण्या, अजून दिवस, आणि याचं तर गावाकडं जायचं तिकीट काढून झालेलं. त्या एका "नो सर"चा हिशोब पुढं दहा वर्षांनी लागतो, ते मी सांगतो.

पण आधी थोडं मागचं. आपल्या सातारा तालुक्यातलं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहिती आहे, पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण गेले, त्याचा दगड आहे. पण जे परत आले त्यांचं काय? त्याच युद्धात १९१५ साली इंग्रज डॉक्टरांनी शेल शॉक, म्हणजे लढाईच्या धक्क्यानं मन मोडणं, हा शब्द छापला. आणि त्याच युद्धात हातपाय गेलेल्या जवानांना काम शिकवायला १९१७ ला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, आधी मुंबईत, मग खडकीला, ती आज पण आहे. पाठीच्या कण्याला मार लागलेल्यांसाठी खडकीलाच १९७४ पासून पॅराप्लेजिक सेंटर आहे. फार चांगलं काम आहे, व्हीलचेअरवरची माणसं तिथून खेळाडू होऊन बाहेर पडलीत, मी डोळ्यानं बघितलंय. म्हणजे पाय गेला तर शंभर वर्षांपूर्वी सरकारला सुचलं. मन मोडलेल्या माजी सैनिकासाठी तसं नाव घेऊन सांगावं असं ठिकाण मला तरी आपल्याकडं दाखवता येत नाही.

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनाला जडणारा आजार, हा शब्द डॉक्टरांच्या पुस्तकात आला १९८० ला, अमेरिकेत, व्हिएतनामवरून आलेल्या लोकांमुळं. आपल्या घरात तो कसा दिसतो ते वहिनींना विचारा. दिवाळीला पहिली माळ लागली की माणूस गोठ्यात जाऊन बसतो. एसटीत खिडकीजवळ बसत नाही. हॉटेलात भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसतो. पोराचं ताट पडलं की अंगावर धावून जातो आणि नंतर दोन दिवस कोणाशी बोलत नाही. आपण म्हणतो, फौजी माणूस कडकच असतो. अहो कडक नाही, तो अजून उतरलेलाच नाही पोस्टवरून.

आणि सगळंच गोळीबारामुळं होतं असं पण नाही, हे स्पष्ट सांगतो नाहीतर मला कोण तरी अडवेल. पस्तीस-अडतीसला माणूस घरी येतो, युनिटमध्ये शंभर माणसं हाताखाली होती, इथं बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहतो. गावाला आलं की भावानं बांध कोरलेला असतो. वर्षानुवर्षं सीमेवर असताना त्या बांधाचा विचार करत झोप घालवलेली असते, आणि तहसीलला चकरा सुरू होतात. दारू कॅन्टीनमध्ये स्वस्त मिळते. बोलू का खरं? रागावू नका. सरकारकडून माजी सैनिकाला महिन्याच्या महिन्याला, न चुकता, रांग लावून, कार्डावर नोंद करून जी झोपेची सोय मिळते ती रमची बाटली आहे. मी पण घेतो, मी काय संत नाही. पण वॉर्डात मी बघितलंय, निम्म्या जणांची दारू सोडवायला गेलं की खाली दुसरंच काहीतरी निघायचं.

आता सोय काय आहे ते. ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली, त्याच्याआधी पेन्शनर माणूस मिलिटरी हॉस्पिटलच्या दारात भटकत होता, तेव्हा योजना मोठी आहे यात वाद नाही. पण तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे दवाखान्यात, बसतं कोण? मेडिकल ऑफिसर, दातांचे डॉक्टर, मोठ्या ठिकाणी मेडिसिनचे, बायकांचे. मानसोपचारवाला त्या मांडणीतच नाही. त्याच्यासाठी रेफरल, म्हणजे पुढच्या डॉक्टरची चिठ्ठी, घ्यायचं, मग सर्व्हिस हॉस्पिटल नाहीतर पॅनलवरचं हॉस्पिटल. रेफरल घ्यायला काय करावं लागतं? खिडकीवर, मागं गावातलीच दहा माणसं उभी असताना, काय त्रास आहे ते बोलावं लागतं. आता ज्यानं वीस वर्षं बोर्डासमोर नो सर म्हणलं तो त्या खिडकीवर यस सर म्हणणार का? तो बीपीची गोळी घेऊन घरी येतो.

आणि गोळ्या चालू झाल्या तरी. एका माणसाबरोबर मी स्वतः जात होतो, नाव गाव काय सांगत नाही. त्याचं औषध दोन वेळा स्टॉकमध्ये नव्हतं. बाहेरून घ्या, बिल लावा. शुगरचा पेशंट बाहेरून घेतो हो, कारण त्याला शुगरची भीती आहे. मनाचा पेशंट म्हणतो, बघा, देवालाच नको आहे मी गोळी खाल्लेली. पंधरा दिवस बंद, आणि सोळाव्या दिवशी पहिल्यापासून सुरू.

डिसॅबिलिटी पेन्शनचं तर विचारूच नका, म्हणजे विचारा, पण नंतर, चहाला. थोडक्यात एवढंच की बोर्ड लिहितं आजार सर्व्हिसमुळं नाही आणि सर्व्हिसमुळं वाढला पण नाही. इंग्रजी आद्याक्षरं जोडून आपली पोरं त्याला नाना म्हणतात. नाना लागला की पेन्शनला हात जोडायचे. २०१३ ला धर्मवीर सिंगच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सर्व्हिसमध्ये झाला असं धरा, नाही म्हणणाऱ्यानं कारण लिहावं. फार लोकांना त्याचा फायदा झाला. पण २०१९ ला स्किझोफ्रेनियाच्या एका केसमध्ये त्याच कोर्टानं म्हणलं की मनाचे आजार भरतीच्या तपासणीत कळतच नाहीत, तेव्हा तो नियम आपोआप लागू नाही. म्हणजे भरतीला तुम्ही मन तपासत नाही, आणि नंतर म्हणता तपासलं नव्हतं म्हणून तुमचंच. कायद्याचं मला कळत नाही, पण शेतकऱ्याच्या डोक्यानं विचार केला तर हे बियाणं न बघता पेरून नंतर रानाला शिव्या देण्यासारखं आहे. आणि २०२३ च्या सप्टेंबरला नियम परत बदललेत, माजी सैनिकांच्या संघटना त्याच्यावर नाराज आहेत. इथं तुमचा तो जुना नो सर आडवा येतो. सर्व्हिसमधला एक पण कागद नसला की फौजेच्या ट्रिब्युनल कोर्टात वकील काय दाखवणार?

फोनची सोय आहे. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाईन, नंबर १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं, रात्री पण. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, फौजेसाठी आणि घरच्यांसाठी त्याचा वेगळा सेल सुरू झाला. ही गोष्ट मला मनापासून आवडली कारण फोनवर खिडकी नाही, मागं रांग नाही. लिहून घ्या नंबर. वहिनींनी घ्या, त्याच फोन करतील, हे मला माहितीये. आणि कोण म्हणलं येरवड्याला पाठवायचं का याला, तर सांगा की मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ चा आहे, उपचार हा हक्क आहे, आणि जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर केस नाही, उपचार करायचे, असं त्यात लिहिलंय. लोक अजून दवाखान्यात नेताना पोलिसाला घाबरतात म्हणून सांगतो.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. हे सगळं उभं राहून वाट बघतंय, की माजी सैनिक येईल आणि म्हणेल मला त्रास होतोय. तो येणार नाही. त्याला न येण्याचं ट्रेनिंग फौजेनंच दिलंय. अमेरिकावाल्यांना हे १९७९ ला कळलं, त्यांनी हॉस्पिटलच्या बाहेर, बाजारपेठेत साध्या गाळ्यांमध्ये व्हेट सेंटर काढली आणि तिथं बोलायला व्हिएतनामवरून आलेलीच माणसं बसवली. त्यांचे पण हाल आहेत, तिकडं काय स्वर्ग नाही. पण गाळ्यात जाताना शेजाऱ्याला वाटतं माणूस चहा प्यायला गेला, ही अक्कल घेण्यासारखी आहे. आपल्याकडं प्रत्येक जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं मुलांची स्कॉलरशिप, वीरनारीचे अर्ज, जमिनीच्या भांडणाची पत्रं सगळं होतं. तिथं आठवड्यातून एक दिवस एक माणूस बसवा, फौजेतलाच, ट्रेनिंग देऊन. पाटी लावू नका.

पूर्वी वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्याला तरी माणूस बँकेत जायचा, चार जण भेटायचे, कोण तरी म्हणायचं हा सुकलाय. आता स्पर्श आलं, पेन्शनचं सगळं ऑनलाईन. मोबाईलला चेहरा दाखवला, डोळे मिचकावले, झालं, माणूस जिवंत. कसा जिवंत ते विचारायची सोय त्या ॲपमध्ये नाही.

आणि अग्निवीर. चार वर्षांनी शंभरातले पंच्याहत्तर घरी येणार, बाविशी-पंचविशीत, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. काश्मीरला दोन वर्षं काढलेलं पोरगं पण त्यात असेल. त्याच्यासाठी तर मी आत्ता सांगितलेली खिडकी पण नाही, सरळ सिव्हिल हॉस्पिटलची ओपीडी. आमदार साहेब समोर बसलेत, म्हणून मोठ्यानं बोलतोय.

बरं, चहा आलेला दिसतोय. कार्डाचं दोन मिनिटाचं मी मागं टेबलावर बसून सांगतो, फॉर्म आणलेत. सोमवारी सकाळी सातला मी सातारला पॉलिक्लिनिकला निघणार आहे, गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. ज्याला यायचं त्यानं स्टँडवर यावं. कशासाठी ते मी विचारणार नाही, आणि खिडकीवर तुमच्या मागं मीच उभा राहीन.