गेल्या सात दिवसांत किती खेळलास?

नमस्कार श्रोतेहो. विषय मला भारदस्त दिलाय: शाळकरी मुलांची शारीरिक हालचाल प्रश्नावलीनं खात्रीशीर कशी मोजायची. पण मला खरं सांगायचंय ते एका प्लास्टर घातलेल्या हाताबद्दल. विषय मध्ये मध्ये येईलच.

कोल्हापुरात मी तीस वर्षं पीटीचा मास्तर होतो. पालक विचारायचे, "सर, पोरगं खेळतंय का हो?" मी म्हणायचो, "खेळतंय की!" कशावरून? तर शर्टाच्या घामावरून. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरकस हालचाल करावी. घामावरून मिनिटं कशी कळणार? कमरेला लावायची यंत्रं मिळतात, पण बेचाळीस पोरांच्या वर्गाला बेचाळीस यंत्रं कोण देतंय? म्हणून कागद.

कॅनडातल्या सास्काचेवान विद्यापीठाच्या मंडळींची एक प्रश्नावली आहे, पीएक्यू-सी नावाची. साधारण ८ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. ती विचारते मागच्या सात दिवसांचं. मागचे सात दिवस, बरं का. वर्ष नाही, महिना नाही, "एरवी काय करतोस" नाही. काय खेळलास, किती वेळा, पीटीच्या तासाला काय केलंस, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण आणि शेवटी सरासरी. त्यातून मिनिटं निघत नाहीत, कोण जास्त हलतं नि कोण कमी एवढं कळतं. त्यांच्या यादीत बर्फावरचं स्केटिंग आहे. ते काढून मी लगोरी, खो-खो, कबड्डी आणि जोर-बैठका घातल्या. कोल्हापुरात पोरांची हालचाल मोजायची आणि तालीम विचारायची नाही, हे कसं चालेल?

जाता जाता एक. पीटीचा तास गणिताला देऊन टाकायचा आणि मैदानावर पेव्हिंग ब्लॉक बसवायचे, ही जी रीत पडलीय ना, ती मला बिलकूल पटत नाही. ब्लॉकवर कबड्डी खेळून दाखवा म्हणावं एकदा. असो.

तर प्रश्नावलीवर भरवसा ठेवावा का, हे बघायची पद्धत साधी. आज भरून घ्यायची, आठवड्यानं तीच पुन्हा भरून घ्यायची आणि मेळ बसतो का बघायचं. म्हणून सातवीच्या वर्गाकडून मी एका सोमवारी फॉर्म भरून घेतले. जाताना सांगितलं, "पुढच्या सोमवारी परत भरायचाय. दोन्ही वेळची उत्तरं जुळली पाहिजेत!" श्रोतेहो, हे वाक्य लक्षात ठेवा. उत्तरं जुळली पाहिजेत.

दुसऱ्या सोमवारी फॉर्म वर्गशिक्षिकाबाईंच्या तासाला भरले गेले. रात्री माझ्या मुलीनं कॉम्प्युटरवर हिशेब काढून दिला. मेळ जवळजवळ एकला टेकलेला! म्हणजे तंतोतंत. सकाळी मी खुशीत मिसळ हाणली. ब्रेडबरोबर. मिसळीला पाव मागणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही.

गठ्ठा परत चाळताना एक फॉर्म हाताला लागला. सगळ्या खुणा चौकटीच्या बाहेर गेलेल्या, एखादी तर खालच्या ओळीत उतरलेली. म्हटलं, कोण हा गबाळा? पीटीच्या तासाला मैदानावर गेलो, तर गडी लिंबाखाली बसलेला. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. मंगळवारी फुटबॉलची मॅच बघायला भिंतीवर चढला होता, तिथनं पडला. खुणा डाव्या हातानं केलेल्या.

आणि फॉर्मवर काय? पोहणे: पाच ते सहा वेळा. जोर-बैठका: सात किंवा जास्त.

मी म्हटलं, "अरे, प्लास्टर घालून पंचगंगेत पोहलास?"

"न्हाई सर."

"मग लिहिलंस कसं?"

"तुमीच म्हणलासा की, उत्तरं जुळली पायजेत. मागच्या येळंला पोहलोतो, तेच लिवलं."

मी आजूबाजूला बघितलं, तर सगळी पोरं मान डोलावतायत. एका मुलीनं तर पहिली उत्तरं रफ वहीच्या मागच्या पानावर उतरून ठेवली होती आणि रविवारी बसून उजळणी केली होती. म्हणजे मी खेळ मोजलाच नव्हता. मोजलं होतं पाठांतर.

बीएडला दोन शब्द घोकून घेतात: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. रोज न चुकता पावशेर दूध कमी घालणारा गवळी विश्वसनीय असतो, त्याचं माप सप्रमाण नसतं. कॅनडातही १९९७ साली छापलेले आकडे बघा. आठवड्याच्या अंतरानं भरलेल्या प्रश्नावल्यांचा मेळ मुलांमध्ये ०.७५, मुलींमध्ये ०.८२. चांगलाच म्हणायचा. पण तीच उत्तरं हालचाल मोजणाऱ्या यंत्राशी ताडली तेव्हा मेळ ०.३९. एकमेकांशी जुळणं वेगळं, खऱ्याशी जुळणं वेगळं. आणि हात मोडलेल्या पोराची उत्तरं दुसऱ्या आठवड्यात बदलायलाच हवी होती. बदलली असती, तर तो प्रश्नावलीचा दोष नव्हता.

आता माझी दुसरी चूक. मूळ प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत, गुण मात्र नवांनाच. दहावा विचारतो, या आठवड्यात आजारी होतास का, नेहमीसारखं खेळायला काही अडचण आली का? झेरॉक्स एका पानात बसावी म्हणून मी तो उडवला होता. ज्याला गुण नाहीत तो प्रश्न कशाला, म्हटलं. शेवटी मीही मार्कांच्याच शाळेतला.

दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म केला. पानं दोन झाली तर झाली. प्रश्न मराठीत सुटसुटीत केला, "गेल्या सात दिवसांत तू आजारी होतास का?" पोरांना बजावलं, जुनं आठवायचं नाही, जुळवायचं नाही, फक्त मागचे सात दिवस. आमच्या गड्यानं या खेपेला पोहण्यापुढं शून्य टाकलं, जोर-बैठकांपुढं शून्य टाकलं. दहाव्या प्रश्नाला खूण केली, "नाही".

खाली डाव्या हातानं वाकडंतिकडं लिहिलं होतं: "हात मोडलाय. आजारी न्हाई."