पट्ट्यावरचा दाब: मोटार कंपन्या सुपरचार्जर का निवडतात

इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, टोकाला बसवलेल्या पुलीवरून निघालेला हा खाचांचा पट्टा ताण देणाऱ्या पुलीला वळसा घालून वर जातो आणि एका लहान पुलीला फिरवतो. त्या पुलीच्या मागे, अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणात, इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा सुपरचार्जर आहे. इंजिनाचे फेरे वाढले, की त्याच क्षणी आणि त्याच प्रमाणात सुपरचार्जरचेही फेरे वाढतात. इंजिनाच्या धुरावर चालून तेच काम करणारा टर्बोचार्जर उपलब्ध असतानाही काही कंपन्या सुपरचार्जर का निवडतात, याचे निम्मे उत्तर या पट्ट्यातच आहे.

आता आवरण उघडले आहे. आत पीळ असलेले दोन रोटर एकमेकांत गुंतलेले दिसतात, पण ते एकमेकांना स्पर्श करत नाहीत. टोकाकडचे हे दातेरी गिअर त्यांच्यातले बारीक अंतर सांभाळतात. हवा दोन रोटरांच्या मधून जात असावी, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती रोटरच्या पाकळ्या आणि आवरणाची भिंत यांच्यामधल्या खोबणीत अडकून बाहेरच्या कडेने पुढे नेली जाते. प्रत्येक खोबण निर्गमद्वाराशी उघडताना हवेला एक हिसका बसतो आणि सुपरचार्जरची ती ओळखीची तीव्र शीळ ऐकू येते. पुढे इंजिन जेवढी हवा ओढू शकते, त्याहून जास्त हवा सतत ढकलली जात असल्यामुळे दाब तयार होतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळण्याची सोय, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती.

हे यंत्र मोटारीसाठी जन्मलेच नव्हते. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये पेटंट घेतलेला हा पंखा भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवत असे. गॉटलीब डाइमलर यांनी 1885 मध्ये इंजिनात दाबाने हवा भरण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले, आणि 1921 मध्ये मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर असलेल्या मोटारी मांडल्या. या जुन्या छायाचित्रातली साडेचार लिटरची ‘ब्लोअर’ बेंटली पाहावी: रेडिएटरच्याही पुढे, दोन दिव्यांच्या मधोमध, सुपरचार्जर उघड्यावर बसवला आहे. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा स्वतःचा त्याला विरोध होता. तरीही कंपनीची सर्वाधिक ओळखली जाणारी मोटार हीच ठरली, हे नमूद करायला हवे.

टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. चाचणीच्या मंचावरचे हे टर्बाइनचे आवरण तापून लाल झाले आहे. एवढ्या उष्णतेपासून भोवतालचे भाग वाचवण्यासाठी उष्णतारोधक पत्रे लावावे लागतात, टर्बोच्या बेअरिंगपर्यंत तेलाच्या नळ्या न्याव्या लागतात आणि धुराच्या नळ्यांची रचना नव्याने करावी लागते. शिवाय कमी फेऱ्यांवर धुराचा जोर अपुरा असतो, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नाही. सुपरचार्जर धुराच्या मार्गाला हातही लावत नाही. त्यामुळे थंड इंजिन सुरू केल्यावर धुराची उष्णता टर्बाइनमध्ये न मुरता थेट धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचते आणि तो लवकर कामाला लागतो.

2008 मध्ये ऑडीने तीन लिटरच्या व्ही-6, म्हणजे व्ही अक्षराच्या आकारात सहा सिलिंडर असलेल्या, इंजिनासाठी सुपरचार्जर निवडला, तेव्हा जागेचा विचारही निर्णायक होता. सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या या खोलगट भागात सुपरचार्जर आणि हवा थंड करणारे इंटरकूलर एकाच आवरणात बसले. दाबलेल्या हवेला सिलिंडरपर्यंत जेमतेम काही इंचांचा प्रवास उरला, आणि वाट जितकी आखूड, तितका प्रतिसाद तत्पर.

अमेरिकी कंपन्यांना हीच रचना मोठ्या व्ही-8 इंजिनांवर सोयीची वाटली. डॉज कंपनीच्या हेलकॅट मोटारीच्या 6.2 लिटर इंजिनावरचा हा सुपरचार्जर स्क्रू पद्धतीचा असून तो हवा आतल्या आतच दाबतो. क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यामागे त्याचे 2.36 फेरे होतात, आणि त्याचा कमाल वेग मिनिटाला 14,600 फेऱ्यांचा आहे. इंजिनाच्या 707 अश्वशक्तीचा आकडा जाहिरातींत झळकला. पूर्ण जोरात असताना हा सुपरचार्जर फिरवण्यासाठीच सुमारे 80 अश्वशक्ती खर्ची पडते. मंद वेगात बायपास व्हॉल्व्ह उघडून हवा मागे वळवली जाते, त्यामुळे हा भार बराच हलका होतो.

इंधनखर्च आणि उत्सर्जनाचे नियम यांपुढे अनेक कंपन्या टर्बोकडे गेल्या, ऑडीचा व्ही-6 आणि अमेरिकी स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट झेडआर1 सुद्धा.

मात्र तत्काळ दाबाची गरज संपलेली नाही. फोक्सवॅगनने 2005 मध्ये 1.4 लिटरच्या इंजिनावर दोन्ही यंत्रे बसवली. चुंबकीय क्लच सुपरचार्जरला कमी फेऱ्यांवर जोडतो आणि मिनिटाला 3,500 फेऱ्यांच्या पुढे सोडतो. 2016 च्या ऑडी एसक्यू7 मध्ये दोन टर्बोंच्या जोडीला 48 व्होल्टवर चालणारा विद्युत कॉम्प्रेसर आला, जो पाव सेकंदाच्या आत मिनिटाला 70,000 फेऱ्यांपर्यंत पोहोचतो. धुराचा जोर येईपर्यंत दाब पुरवणे एवढेच त्याचे काम आहे, आणि टर्बो वेगात आले की हवा त्याला वगळून सरळ पुढे जाते.