मशीनवरच्या माणसाला ऐकू येतं

नमस्कार श्रोतेहो. मी अतिदक्षता विभागातली सिस्टर. आज बोलायचंय ते व्हेंटिलेटरवरच्या पेशंटबद्दल, आणि त्याच्या खाटेशेजारी उभं राहणाऱ्या तुमच्याबद्दल.

मराठवाड्यात पावसाळा लागला, कपाशी-सोयाबीनवर फवारण्या सुरू झाल्या, की आमच्या खाटा भरायला लागतात. कुणाच्या पोटात फवारणीचं औषध गेलेलं असतं, कुणाला पान लागलेलं असतं, म्हणजे साप चावलेला असतो. "मशीनवर टाकलं" एवढं कानावर पडलं की बाहेर वऱ्हांड्यात रडारड सुरू होते. काहीजण तर लगेच पाहुण्यारावळ्यांना फोन लावतात, शेवटचं बघून जा म्हणून. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, थोडं थांबा. मशीन आजार बरा करत नाही हे खरं, पण श्वास घेण्याचे कष्ट ते उचलतं आणि शरीराला सावरायला वेळ मिळतो.

मण्यार या विषारी सापाचंच बघा. ती बहुतेक वेळा रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, दुखतही नाही फारसं. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी छातीचे स्नायू हलेनासे होतात. विषावरचं इंजेक्शन द्यावंच लागतं, पण नसांच्या टोकांना झालेली इजा भरून यायला काही दिवस जातात. तेवढे दिवस श्वास चालू ठेवला, तर असा माणूस आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो.

नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा अशीच एक बाई आली होती, तिशीतली. डोळे मिटलेले, हात उचलून सोडला की धपकन खाली. मी आणि माझी जोडीदारीण तिची चादर बदलत होतो. बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, "हिचं काही खरं दिसत नाही." मॉनिटरवर ठोके ९० होते, ते बघता बघता १३० वर गेले. बंद डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळलं. मण्यारीच्या विषाने स्नायू बंद पडतात पण शुद्ध शाबूत राहू शकते, हे मी शिकलेली होते, परीक्षेत लिहिलंही होतं. मी तिच्या कानाशी वाकले, माफी मागितली. म्हटलं, "अक्का, हे विष उतरणारं आहे. मशीन श्वास देतंय. मी इथंच आहे."

तेव्हापासून मी पेशंटला आधी सांगते, मगच हात लावते. कफ ओढताना तर नक्कीच. श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून कफ ओढायचा म्हणजे खोकल्याची उबळ येते, जीव कासावीस होतो. म्हणून आधी ऑक्सिजन वाढवायचा आणि ओढणं १० ते १५ सेकंदांत संपवायचं. नळीला आत एक छोटा फुगा असतो. तो सैल राहिला तर लाळ फुप्फुसात झिरपते, जास्त फुगवला तर श्वासनलिकेला इजा होते, म्हणून त्याचा दाब मोजत राहावा लागतो. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच, तोंडाची सफाई, ठरावीक वेळाने कूस बदलणं, हे रात्रंदिवस चालतं. लाइट गेली आणि मशीनने दगा दिला, तर खाटेशी ठेवलेली अंबू बॅग, म्हणजे श्वास द्यायची पिशवी, हाताने दाबायची. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा मशीनं पुरेना. तिथे ब्योर्न इब्सेन या डॉक्टरांच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्ण जगवले. अंबू बॅग हातात घेतली की मला हमखास ती पोरं आठवतात.

आता तुमचं काम. आत येताना हात साबणाने धुवा. पेशंटचं नाव घ्या, आज वार कोणता ते सांगा. त्याला बोलता येत नाही, कारण नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते. आजोबांचा चष्मा, कानातलं मशीन घरी राहिलं असेल तर आम्हाला विचारून आणून द्या. तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, बांधलेला हात परस्पर सोडू नका. आणि रडू आलं तर बाहेर या, माझ्यापाशी रडा.

त्या बाईचा नवरा पहिले दोन दिवस पायाशी नुसता उभा राहायचा. काय बोलू, म्हणाला. म्हटलं, "दादा, घरचं सांगा." मग तो रोज सांगायला लागला. खुरपणीला कोण आलं, पोरगं शाळेत गेलं का नाही, म्हैस व्याली. पाचव्या दिवशी त्याने पोराचं नाव घेतलं आणि चादरीखाली तिच्या पायाचा अंगठा हलला. आम्ही दोघांनी पाहिला.

नवव्या दिवशी नळी निघाली. आवाज पार बसलेला होता. आधी पाणी मागितलं, मग नवऱ्याकडे बघून विचारलं, "वगार झाली का टोणगा?"