कातळावरची रेघ आणि फोटोची फाइल

[दृश्य : राजापूर तालुक्यातला सडा, सकाळचं तिरपं ऊन]

पावसाळ्यात हा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं सपाट पठार, हिरवागार असतो. गवत वाळलं की खालचा जांभा दगड उघडा पडतो आणि त्यावर कोरलेल्या आकृती दिसू लागतात. कशेळीचा हा हत्ती सुमारे १८ मीटर लांब. त्याच्या देहरेषेच्या आत लहानमोठे कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. हजारो वर्षांपूर्वी इथं राहणाऱ्या माणसांनी मागं ठेवलेलं हे काम आहे.

उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली कातळशिल्पं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ अशी नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. तेव्हापासून सड्यावर कॅमेरा आणि मोबाइल घेऊन येणारी माणसं वाढली, ही चांगलीच गोष्ट आहे. याच सड्यावर चिरेखाणी आहेत, रस्ते होतात, गुरं फिरतात, दर वर्षी पाऊस दगडाची थोडी थोडी झीज करतो. एखादी आकृती फुटली, बुजली, तर ती कशी होती हे सांगायला फोटोच उरेल. म्हणून तो फोटो कोणत्या प्रकारच्या फाइलीत आहे, याची काळजी घ्यायला हवी.

[दृश्य : एकाच आकृतीचे दोन फोटो, दुपारचा आणि सकाळचा]

कातळावरची रेघ फार खोल नसते. ऊन डोक्यावर आलं की खाचेत सावली पडत नाही आणि रेघ आजूबाजूच्या दगडात मिसळून जाते. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हातही दगड आणि रेघ यांच्यातला फरक म्हणजे तांबड्या-करड्या रंगाच्या दोन जवळच्या छटा. नेमका असाच बारीक फरक जेपेग, म्हणजे फोटो दाबून लहान करणारा फाइलीचा नेहमीचा प्रकार, सगळ्यात आधी सोडून देतं.

जेपेग हे मानक १९९२ सालचं. ते चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत कापतं. प्रत्येक चौकटीतल्या ६४ पिक्सेलच्या जागी ६४ आकडे येतात. काही आकडे सांगतात की चौकट एकूण किती उजळ आहे, छटा हळूहळू कशी बदलते. उरलेले सांगतात की तिच्यात किती बारीक खडबडीतपणा आहे. यामागचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी मांडलं. अहमद मूळचे बंगळुरूचे.

आता खरी काटछाट. बारीक तपशील सांगणाऱ्या आकड्यांना मोठ्या संख्येनं भागून पूर्णांकात आणलं जातं आणि त्यातले बरेचसे शून्य होतात. शून्य झालेला आकडा परत येत नाही. रंगाचीही बचत होते : बहुतेक वेळा उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची एक चतुर्थांशच ठेवतात, कारण माणसाचा डोळा उजेडातला फरक जास्त टिपतो. लग्नाच्या फोटोत हे कळणारही नाही. पण जांभ्याचा पृष्ठभाग म्हणजे सगळा खडबडीतपणाच, आणि आपल्याला हवी ती रेघ त्यातच लपलेली.

जेपेग वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. दर्जा शंभरपैकी नव्वदच्या वर ठेवून एकदा जतन केलेला फोटो बहुतेक कामांना उत्तम चालतो. फाइल नुसती उघडून पाहिली, किंवा एका डिस्कवरून दुसरीवर उतरवली, तर काहीही कमी होत नाही. नुकसान होतं ते उघडून, बदलून, पुन्हा जेपेगमध्येच जतन करताना. आज उजेड वाढवला, उद्या कडा कापल्या, परवा नाव टाकलं. प्रत्येक वेळी नवी काटछाट होते.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर मोठी केलेली रेघ, चौकटी दिसू लागलेल्या]

म्हणून संपादनाची फाइल वेगळी असावी. कॅमेऱ्यात सोय असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, घ्या. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉमध्ये १६ हजार ३८४. दगड आणि रेघ यांच्या मधल्या छटा याच पायऱ्यांत सापडतात. प्रत्येक कंपनीचं रॉ वेगळं, आणि जुन्या सॉफ्टवेअरला नव्या कॅमेऱ्याची फाइल उघडेलच असं नाही. अडोबी कंपनीनं २००४ साली आणलेलं डीएनजी, म्हणजे सगळ्यांसाठी खुला असलेला रॉचा प्रकार, ही अडचण बरीच सोडवतं.

रॉवरून काम करताना सोळा बिटांचं टिफ करा; हा काही न गमावता चित्र ठेवणारा फाइलीचा प्रकार आहे. कितीदाही जतन करा, त्यात छाटणी होत नाही, फक्त जागा लागते : बारा मेगापिक्सेलचा एक फोटो न दाबता ठेवला तर सुमारे ७२ एमबी. पीएनजी हा आणखी एक प्रकारही काही न गमावता जागा वाचवतो आणि ते कुठंही उघडतं. आकृतीवरून काढलेल्या रेखाटनाला, म्हणजे पांढऱ्यावर काळ्या रेघांना, पीएनजीइतकं चांगलं दुसरं काही नाही. जेपेगमध्ये अशा रेघेभोवती धुरकट ठिपके उमटतात.

आयफोनची गोष्ट थोडी निराळी. २०१७ पासून तो फोटो एचईआयसी या नव्या प्रकारच्या फाइलीत ठेवतो. जेपेगच्या साधारण निम्म्या जागेत तेवढाच चांगला फोटो मावतो, पण जुन्या संगणकावर तो उघडत नाही. मग कोणी फाइलीच्या नावातली शेवटची अक्षरं बदलून जेपीजी करतं. नावानं आतला मजकूर बदलत नाही. रूपांतर करायचं तर सॉफ्टवेअरनंच करायला हवं. तसंच जेपेगचं टिफ केल्यानं गेलेला तपशील परत मिळत नाही. पुढची काटछाट थांबते, एवढंच.

इमेजमॅजिकसारख्या मोफत साधनानं शेकडो फोटो एका आज्ञेत बदलता येतात. त्यातली ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा जपून वापरा : नवा प्रकार सांगितला नाही, तर ती मूळ फाइलीवरच लिहिते. मूळ फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय तिला हात लावू नये.

[दृश्य : गावातली माहितीपाटी]

गावाला सहा फूट रुंद फ्लेक्स हवा असतो. चार हजार पिक्सेलचा फोटो सहा फुटांवर ताणला की इंचाला जेमतेम ५५ पिक्सेल येतात. लांबून वाचायच्या पाटीला ते चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो मात्र वाटेतच लहान होतो आणि पुन्हा दाबला जातो, मग हत्तीच्या पोटातले प्राणी ओळखूच येत नाहीत. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल आहे तशी पोचते. छपाईचे रंग, सीएमवायके, अगदी शेवटी आणि प्रतीवरच करावेत. तांबड्याच्या काही छटा त्यात बसत नाहीत.

फोटोच्या फाइलीत तारीख, वेळ आणि जीपीएस सुरू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. काही साधनं रूपांतर करताना ही माहिती पुसून टाकतात. संशोधकाला ठिकाण कळणं गरजेचं, म्हणून मूळ फाइलीत ती राहायलाच हवी. पण ज्या आकृतीभोवती अजून कुंपण नाही, तिचे अक्षांश-रेखांश सगळ्यांसाठी टाकायच्या प्रतीतून काढून टाका. ते काम जेपेग किंवा वेबपी (वेबसाइटसाठीचा फाइलीचा प्रकार) प्रत तयार करतानाच करता येतं, आणि प्रसिद्ध करण्याआधी फाइलीची माहिती उघडून एकदा तपासताही येतं.