बाहुलीचा चेहरा: कंपनीचा की हातचा?

नमस्कार मंडळी. आज बाहुल्यांबद्दल बोलायचंय. पोरं पाय धरून फरफटत नेतात त्या नाही, मोठी माणसं कपाटात जपून ठेवतात त्या, कलेक्टिबल डॉल्स. आणि त्यातही कपडे नाही, केस नाही, फक्त चेहरा. कंपनीतून रंगवून आलेला चेहरा घ्यावा, का कोरं हेड, म्हणजे न रंगवलेलं सुटं डोकं, घेऊन एखाद्या आर्टिस्टकडून हवा तसा रंगवून घ्यावा, हा प्रश्न या छंदातल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते, कारण रेडिओ ऐकता ऐकता माणूस दार उघडायला उठतो आणि नेमकं तेवढंच हुकतं. बाहुली मोजक्याच निघालेल्यांपैकी असेल तर तिचा कंपनीचा चेहरा पुसू नका. आर्टिस्टचा चेहरा हवाय ना, मग कोरं हेड वेगळं घ्या आणि त्यावर रंगवून घ्या. परत सांगते, पुसू नका, वेगळं हेड घ्या. आर्टिस्टने काढलेला चेहरा नाही आवडला तर पुसून दुसरा काढता येतो, पण कंपनीचा चेहरा एकदा पुसला की तोच्या तो परत मिळणं जवळजवळ अशक्य. बास, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आता कंपनीचा चेहरा म्हणजे काय ते थोडक्यात. व्हिनाईलच्या किंवा प्लास्टिकच्या बाहुलीवर चेहरा बहुतेक वेळा छापलेला असतो. एका प्लेटवर डोळे, भुवया, ओठ कोरलेले असतात, त्यात शाई भरतात, मग सिलिकॉनचा मऊ पॅड येतो, शाई उचलतो आणि चेहऱ्यावर टेकतो. पॅड मऊ असल्यामुळे गालाच्या उतारावरही शाई नीट बसते. याला टॅम्पो प्रिंटिंग म्हणतात, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागतो. हल्ली काही चेहऱ्यांवर सरळ डिजिटल प्रिंट असते, भिंग धरलं की बारीक बारीक ठिपके दिसतात.

रेझिनच्या बॉल-जॉइंटेड डॉल्सची, म्हणजे गोळ्यांसारखे सांधे असलेल्या बाहुल्यांची, गोष्ट वेगळी. जपानच्या व्होल्क्स कंपनीने १९९९ साली सुपर डॉल्फी नावाची अशी बाहुली आणली आणि तिथून हा छंद जगभर पसरला. या बाहुल्यांचे डोळे रंगवलेले नसतात, काचेचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे डोळे आतून पुट्टीने बसवतात. केसांचा विग, डोक्यामागची टोपी मॅग्नेटने लागते, सगळं सुटं. रंगवायचं काय तर भुवया, पापण्यांच्या कडा, पापण्यांचे केस, गाल, ओठ. यालाच फेस-अप म्हणतात. आणि रेझिनमध्ये कंपनीचा फेस-अपसुद्धा बहुतेक माणूसच हाताने करतो, फक्त ठरलेल्या नमुन्यावरून.

भुवयांचं नाव निघालंच आहे तर सांगते, लोक भुवईला काही किंमतच देत नाहीत. सगळे डोळ्यांबद्दल बोलतात, ओठांबद्दल बोलतात, आणि माणूस रागावलाय का घाबरलाय हे सांगते ती बिचारी भुवई. शाळेत चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयाला देऊन टाकतात ना, त्याऐवजी मुलांना नुसत्या दहा भुवया काढायला लावा, माणसं वाचायला शिकतील ती. असो.

तर आता ती गोष्ट, जी मला सांगायचीच आहे. माझ्या एका मैत्रिणीकडे रेझिनची बाहुली आहे, साठ सेंटीमीटरच्या आसपास, लिमिटेड एडिशन, कंपनीच्या फेस-अपसकट. सुंदर बाहुली. पण हिला ती कायम रुसलेली वाटायची. कशीही बसवा, कुठलाही ड्रेस घाला, बाईसाहेब रुसलेल्या. शेवटी हिने ठरवलं, पुसून टाकायचं आणि नवीन काढून घ्यायचं. साफ करायचं सामान आणलं, कापूस काढला, टेबलावर पेपर अंथरला, आणि नेमके तेव्हा तिचे काका आले.

हे काका आयुष्यभर पाट्या रंगवत आले. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं. बाहुल्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण रंग आणि ब्रश दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनी ते डोकं हातात घेतलं, खिडकीजवळ गेले, भिंग मागितलं आणि विचारलं, "कुणाच्या हातचं काम आहे गं हे?"

ही म्हणाली, "कंपनीचं आहे काका."

"कंपनीला हात असतात का? कोणीतरी बसून काढलंय हे. ये, इकडे बघ."

आणि त्यांनी तिला भिंगातून एकेक पापणीचा केस दाखवला. बुडाशी जाड, टोकाला निमुळता, आणि मधे कुठेही रेघ थांबलेली नाही. काका म्हणाले, हा माणूस रोज हेच काढतो, त्याच्या हाताला वळण पडलंय, इतकी सलग रेघ विचार करत करत येतच नाही, ती सवयीनेच येते. "आणि तू हे पुसायला निघालीस? पुसायचं तर ज्यावर काही नाही त्यावर काढ आणि मग ते पूस."

तिला ते पटलं. त्याच मोल्डचं, म्हणजे त्याच साच्यातलं, कोरं हेड मागवलं. आता इथे एक लक्षात ठेवा, रेझिन वयानुसार पिवळं पडतं, ऊन लागलं तर जास्तच, आणि शिवाय प्रत्येक बॅचचा रंग थोडा वेगळा येतो. हिचं नवीन हेड आलं ते जरा गुलाबीसर आणि अंग तोवर हस्तिदंती झालेलं. शेजारी धरलं की लगेच कळायचं. मग त्या हेडसाठी उंच कॉलरचे कपडे शिवले, मानेचा सांधा झाकला, प्रश्न मिटला.

हेड आर्टिस्टकडे गेलं. हिने लिहून पाठवलं, नॅचरल हवंय, सॉफ्ट हवंय, गोड दिसायला पाहिजे. परत आलं तेव्हा काम एक नंबर होतं, त्यात शंकाच नाही, ओठांवर बारीक चिरा, नाकाच्या शेंड्यावर अगदी हलकी लाली, भुवईचा केस न् केस वेगळा. पण चेहरा झोपाळू. दुपारच्या झोपेतून उठवल्यासारखा. हिचा मूडच गेला. काकांना फोन. काका आले, भिंग लावून बघितलं, आर्टिस्टचं तोंड भरून कौतुक केलं, आणि मग विचारलं, "तू तिला सांगितलं काय होतंस?"

"नॅचरल, सॉफ्ट आणि गोड."

"पाटी रंगवून घ्यायला येणारे पण असंच म्हणायचे, मस्त काढा. मस्त म्हणजे केवढं अक्षर, ते कोणी सांगायचं नाही."

मग काकांनी कोऱ्या हेडचा समोरून काढलेला फोटो मोठा प्रिंट करून आणायला लावला, त्यावर ट्रेसिंग पेपर टाकला आणि पेन्सिलने भुवया काढायला बसले. आतलं टोक जरासं खाली, बाहुली चिडली. तेच टोक जरासं वर, काळजीत पडली. भुवई डोळ्यापासून लांब नेली तर आश्चर्य, जवळ आणली तर एकदम मोठ्या वयाची. वरच्या पापणीची कड जाड केली की डोळा अर्धवट मिटल्यासारखा वाटतो, आणि झोपाळूपणा आला होता तो तिथूनच. कागदावर कागद झाले. शेवटी एकावर बोट ठेवून ही म्हणाली, ही. तो कागद आर्टिस्टला गेला, तिने जुना चेहरा पुसला, नवा काढला, आणि आला तो हुबेहूब हिच्या मनातला.

पण गोष्ट इथे संपत नाही, खरी मजा पुढेच आहे. नव्या हेडमध्ये डोळे बसवताना काका शेजारी बसले होते. त्यांना तोपर्यंत माहीतच नव्हतं की डोळे वेगळे असतात. हिने पुट्टी लावली, डोळा आतून बसवला, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, आणि काका एकदम म्हणाले, "थांब! हा फिरतो?"

"हो, फिरतो की, पुट्टीच आहे."

"मग ते जुनं डोकं आण बघू."

तिने कपाटातून कंपनीचा चेहरा असलेलं ते रुसलेलं हेड आणलं. काकांनी मागची टोपी काढली, बोट आत घातलं आणि दोन्ही डोळे अगदी किंचित वर केले. किंचित म्हणजे किंचित, तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा नाही. आणि मंडळी, रुसवा गेला! पार गेला! डोळे पहिल्या दिवसापासून खाली बघत बसवलेले होते, म्हणून वरच्या पापणीखाली पांढरं जास्त दिसायचं आणि नजर जमिनीला लागायची. चेहऱ्यात काहीच खोट नव्हती. भुवई नीट, ओठ नीट, सगळं नीट. रंगाचा एक थेंबही न बदलता तीच बाहुली समोर बघून जेमतेम हसायच्या बेतात दिसायला लागली. माझी मैत्रीण रडली चक्क. कारण कापूस हातात घेऊन बसली होती ना ती त्या दिवशी, काका अर्धा तास उशिरा आले असते तर तो चेहरा गेलाच होता.

आता तिच्याकडे दोन्ही हेड्स आहेत आणि अंग एकच. मानेतल्या इलॅस्टिकला एस हुक असतो, तो सोडवायचा, दुसरं हेड लावायचं, काम झालं.

तर चेहरा आवडत नाही असं वाटलं तर ब्रशकडे जायच्या आधी डोळे फिरवून बघा, डोळ्यांची साइज बदलून बघा, विग बदलून बघा. गडद विगखाली हलकी भुवई हरवते, फिकट विगखाली तीच उठून दिसते. परत सांगते, आधी डोळे, मग विग, आणि पुसणं अगदी शेवटी.

अर्थात हे रेझिनचं झालं. छापील डोळ्यांच्या बाहुलीला नजर फिरवायची सोयच नाही. बार्बी १९५९ साली आली ती तिरकं बघत आली आणि तिची नजर सरळ समोर यायला १९७१ उजाडलं, ते सुद्धा कंपनीने केलं तेव्हा. त्यामुळे व्हिनाईलच्या, ढिगाने निघालेल्या, सेकंडहँड, ओठ उडालेल्या, पेनाने गिरगटलेल्या बाहुल्या असतील तर खुशाल पुसा. तसलाच चेहरा हवा झाला तर दुसरी मिळते. २०१५ साली टास्मानियातल्या सोनिया सिंग यांनी जुन्या फेकून दिलेल्या बाहुल्यांचा भडक मेकअप पुसून त्यांना साधे, लहान मुलींसारखे चेहरे काढले, ट्री चेंज डॉल्स म्हणून ते जगभर गाजलं. त्या बाहुल्यांना खरंच दुसरा जन्म मिळाला. मला तर वाटतं की बॉक्ससुद्धा न उघडता बाहुली वर्षानुवर्षं ठेवणाऱ्यांपेक्षा जुनी बाहुली उचलून तिला चेहरा देणारा माणूस जास्त खरा बाहुलीवेडा. बॉक्समधल्या बाहुलीला कोण बघतं सांगा.

पुसताना मात्र मटेरियल ओळखा. व्हिनाईलला बिनअ‍ॅसिटोनचं नेलपेंट रिमूव्हर चालतं. कडक प्लास्टिकच्या चेहऱ्याला, म्हणजे ब्लाइथ नावाच्या बाहुलीसारख्या, अ‍ॅसिटोन लावलंत तर चेहराच वितळतो. रेझिनलाही अ‍ॅसिटोन नको.

आणि स्वतः रंगवायचं असेल तर एक गोष्ट दोनदा सांगणार आहे. रंगाच्या आधी मॅट सीलंटचा, म्हणजे चमक नसलेल्या पारदर्शक थराचा, स्प्रे मारतात, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर पेस्टलची पूड धरतच नाही, स्प्रेने तिला पकड मिळते. मग गालाची लाली, परत स्प्रे, मग भुवया-पापण्यांच्या रेघा, परत स्प्रे, शेवटी ओठांना ग्लॉस. हा स्प्रे विषारी असतो. साधा कापडी मास्क चालत नाही, केमिकलच्या वाफा अडवणारे फिल्टर असलेला रेस्पिरेटरच लागतो, आणि मोकळ्या हवेत उभं राहून मारायचा. परत, रेस्पिरेटर आणि मोकळी हवा. दमट दिवशी मारू नका, पांढुरकी साय धरते रंगावर. मिस्टर सुपर क्लिअरसारखा मॅट सीलंट बरेच जण वापरतात, पण काही स्प्रे व्हिनाईलवर काही दिवसांनी चिकट होतात, म्हणून आधी मानेच्या आत, दिसत नाही तिथे मारून बघा.

आर्टिस्ट निवडताना तिच्या कामाचे फोटो दिवसाच्या उजेडातले मागा, फिल्टर न लावलेले. फिल्टरने माणसांचे चेहरे बिघडवले तेवढे पुरेत, बाहुल्यांना तरी सोडा. शक्यतो तुमच्याच मोल्डवर तिने केलेलं काम बघा. पाठवताना फक्त हेड पाठवा, डोळे आणि विग काढून घ्या, आणि बाहुलीबरोबर चेहऱ्यावर लावायचं प्लास्टिकचं कव्हर आलं असेल ना, ते फेकू नका, परतीच्या प्रवासात नाकाचा शेंडा तेच वाचवतं. आणि हेड परत आलं की आर्टिस्टला विचारून घ्या कुठला सीलंट वापरला, कुठले रंग वापरले, कधी काम केलं, आणि ते चिठ्ठीवर लिहून डोक्याच्या आत टोपीखाली ठेवा. उद्या ओठांचा रंग उडाला आणि दुसऱ्या कोणाकडून टच-अप करायची वेळ आली, तर त्या माणसाला पहिल्यांदा तीच चिठ्ठी लागणार आहे. नमस्कार.