गॉर्डन थांबला, हॉझमर पळाला

थर्ड बेसवर उभा असलेला हा कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल टीमचा अॅलेक्स गॉर्डन. २९ ऑक्टोबर २०१४, कॅन्सस सिटी, वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलची सातवी आणि शेवटची मॅच, नववी म्हणजे शेवटची इनिंग, तीनातले दोन आउट झालेत आणि रॉयल्स सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या ३-२ नं मागं आहेत. होम प्लेट, म्हणजे जिथं पोचलं की रन मिळतो ती जागा, समोर दिसतेय, ९० फुटांवर. तिथं पाय टेकला की मॅच बरोबरीत.

झालं असं की गॉर्डननं मारलेला बॉल जायंट्सचा सेंटर फिल्डर ग्रेगर ब्लँकोला चुकवून थेट भिंतीपर्यंत गेला, तिथं जायंट्सच्याच ह्वान पेरेझच्याही हातात नीट बसला नाही, आणि तोवर हा सेकंड ओलांडून थर्डकडं सुटलेला. आपल्याकडं क्रिकेटमध्ये कॉल द्यायला समोर पार्टनर असतो, इथं रनर एकटा, बॉल बरेचदा पाठीमागं, आणि वळून बघत बसलं की स्पीड गेलाच, म्हणून थर्डजवळ कोच उभा असतो आणि रनरनं त्याच्या हातांकडं बघायचं. कोच माइक जर्शेलीनं हात वर केले. थांब.

गॉर्डन थांबला. पुढचा बॅटर रॉयल्सचा साल्वाडोर पेरेझ, त्याच्या मांडीला त्याच मॅचमध्ये बॉल लागलेला, समोर पिचर मॅडिसन बमगार्नर. पेरेझचा बॉल वर उडाला, पाब्लो सँडोव्हालनं कॅच घेतला, जायंट्स चॅम्पियन. गॉर्डन थर्डवरच राहिला.

त्यावर किती वाद झाला! पेरेझचा त्या सीझनचा अॅव्हरेज .२६०, म्हणजे हिट मिळायची शक्यता साधारण चारात एक, मग गॉर्डनला पळू देऊन जायंट्सना थ्रो करायला का नाही लावलं? हिशोब चुकीचा नाही. पण फुटेज परत बघा, गॉर्डन थर्डला पोचतोय आणि बॉल शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) ब्रँडन क्रॉफर्डच्या हातात आलाय, आणि क्रॉफर्डचा हात जबरदस्त. पळाला असता तर बराच आधी आउट झाला असता. मला विचाराल तर जर्शेली बरोबर होता, आणि मी हे ठामपणे सांगतो.

आता १ नोव्हेंबर २०१५. न्यूयॉर्क, सिटी फील्ड, पुढच्या वर्ल्ड सिरीजची पाचवी मॅच, यावेळी समोर न्यूयॉर्क मेट्स. परत नववी इनिंग, परत रॉयल्स एका रननं मागं, परत थर्डवर रनर, यावेळी एरिक हॉझमर, आणि बॅटिंगला परत तोच पेरेझ! एक आउट. पेरेझचा ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत गेलेला फटका, मेट्सच्या डेव्हिड राइटनं उचलला, हॉझमरकडं एकदा बघितलं, आणि फर्स्टला थ्रो केला.

राइटच्या हातातून थ्रो सुटला आणि हॉझमर निघाला. इथं कोणाचे हात बघायला वेळच नाही. फर्स्टवर लुकास डूडानं पेरेझला आउट केलं, दोन आउट, आता डूडाचा थ्रो सरळ आला तर हॉझमरही आउट आणि मॅच खल्लास. पण रॉयल्सच्या स्काउट्सनी, म्हणजे समोरच्या टीमचा अभ्यास करणाऱ्यांनी, आधीच सांगून ठेवलेलं, डूडाच्या थ्रोवर चान्स घ्यायचा. म्हणजे बघणाऱ्याला जे वेडं धाडस वाटतं त्याचं अर्धं काम आधीच झालेलं असतं, मैदानात फक्त तो एक क्षण ओळखायचा, राइटची नजर वळली तो. डूडाचा थ्रो बाहेर गेला, कॅचर ट्रॅव्हिस डार्नोच्या हाती लागलाच नाही, आणि हॉझमर डोकं पुढं टाकून होमवर. २-२.

बरोबरीमुळं मॅच लांबली. बाराव्या इनिंगमध्ये पेरेझनं हिट मारली, त्याच्या जागी पळायला जॅरड डायसन आला, त्यानं लगेच सेकंड चोरला, म्हणजे हिट नसतानाच पळून सेकंड बेस गाठला. मग त्याला थर्डवर पोचवलं ते अॅलेक्स गॉर्डनच्या ग्राउंडरनं, स्वतः आउट होऊन. थर्डवरून डायसनला घरी आणलं क्रिश्चन कोलोननं, आणि रॉयल्स १९८५ नंतर पहिल्यांदा चॅम्पियन झाले.