पिनांच्या मागची बाजू

आधी पुढची बाजू उरकून घेऊ, कारण बोलिंग म्हटलं, म्हणजे बॉल घरंगळवून दहा पिना पाडायचा खेळ, की आपण तेवढंच बघतो. ही लेन, बॉल सोडायची लांब पट्टी. फाउल लाइनपासून, म्हणजे जी ओलांडायची नाही त्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंत 60 फूट, रुंदी साडेतीन फुटांच्या आतबाहेर. अमेरिकेतल्या छोट्या गावातलं जुनं सेंटर आहे त्यामुळे लाकूड खरं आहे, 39 लांब पट्ट्या एकमेकींना चिकटून, जिथं बॉल आपटतो तिथं आणि पिनांखाली मेपल, मधे पाइन. नव्या सेंटरमध्ये सिंथेटिक पत्रे असतात, वर लाकडाचं चित्र छापलेलं. हे सात बाण बघा, मुरलेले खेळाडू पिनांकडे बघतच नाहीत, बाणावर नजर ठेवून बॉल सोडतात. कडेच्या पन्हळीबद्दल, म्हणजे गटरबद्दल, काय सांगायचं, तिकडे आपला बॉल आपोआप जातोच.

लेनवर हे मशीन चाललंय ते तेल लावतंय. मधे जास्त, कडेला कमी, आणि पिनांजवळचा शेवटचा भाग कोरडा. तेलावर बॉल घसरत जातो, कोरड्यावर आला की पकड घेतो आणि वळतो. कॅमेऱ्यात तेल नीट येत नाही, ती चमक दिसतेय तेवढीच.

आता पडद्याच्या मागं चला.

हा पिनसेटर, म्हणजे पिना उभ्या करणारं मशीन, ब्रन्सविक कंपनीचा ए-2. प्रत्येक लेनला एक. मुख्य मोटर एकच, बाकी सगळं पट्टे, कप्प्या, गिअर आणि ग्रीस. बॉल आला, पिनांसकट खड्ड्यात पडला, खालचा पट्टा सगळं मागं ओढतो, बॉल वेगळा होऊन लेनखालच्या रुळावरून खेळणाऱ्याकडे परत जातो, पिना ह्या मोठ्या चाकात अडकून वर चढतात, वरून एकेक करत टरेट नावाच्या गोल फिरत्या साच्यात शिरतात, दहाच्या दहा भरल्या की एकदम खाली डेकमध्ये, म्हणजे पिना लेनवर ठेवणाऱ्या चौकटीत. मशीनमध्ये 20 च्या आसपास पिना असतात, एक सेट उभा तर दुसरा तयार होत असतो. आणि हे जे आता स्लो मोशनमध्ये दाखवतोय ना, ते बघाच. पहिल्या बॉलला तीन पिना उरल्या, डेक खाली आला, चिमट्यांनी त्या तिघींची मान धरली, उचलल्या, खालून रेक नावाच्या आडव्या दांडीनं पडलेल्या झाडून नेल्या आणि तिघी परत जागच्या जागी. एखादी पिन सरकून उभी राहिली असेल तर ती सरकलेल्या जागीच ठेवतो. मूळ डिझाइन 1950 च्या दशकातलं आहे!

ही पिन हातात घेतलीय मेकॅनिकनं. 15 इंच उंच, दीड किलोच्या थोडी वर, आत मेपल, बाहेर प्लॅस्टिकचं कातडं. पोटाशी बघा कशी चिरलीय, 16 पौंडांपर्यंतचे बॉल खाऊन खाऊन. त्याच्या नखातलं ग्रीस साबणानं जात नाही म्हणे.

हे मशीन नव्हतं तेव्हा पोरं होती. बालकामगारांचे फोटो काढणाऱ्या लुइस हाइननं 1910 मध्ये ब्रुकलिनमध्ये काढलेला हा फोटो, रात्री एक वाजता पिना लावणारी मुलं. मग गॉटफ्रीड श्मिट नावाच्या माणसानं न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हरला टर्की पाळायच्या शेडमध्ये पहिला नमुना जुळवला, एएमएफ या दुसऱ्या कंपनीनं त्याचं पेटंट घेतलं, 1946 ला बफेलोच्या स्पर्धेत मशीन लोकांसमोर आलं आणि दहा-पंधरा वर्षांत पोरांचं काम बहुतेक ठिकाणी संपलं.

आता स्ट्रिंग मशीन येताहेत. पिनच्या डोक्याला दोरी, पडली की वर ओढायची. वीज कमी लागते, भाग कमी, हे खरंय. पण दोरीमुळे पिना मोकळ्या उडत नाहीत, स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाच्या दहा पिना, कमी पडतात असं अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या चाचणीतच दिसलं, म्हणून 2023 मध्ये मान्यता दिली ती सुद्धा वेगळा प्रकार म्हणून. दोरी गुंतली तर बऱ्याचदा काउंटरवरच्या पोरालाच सोडवता येते, त्यामुळे मागं पूर्णवेळ मेकॅनिक ठेवायची मालकाला गरज वाटत नाही.